वर्ष सांगायची पाळी

बाबा : पुन्हा. अगदी पहिल्यापासून. आणि ‘निसर्गरम्य’ म्हणताना हसायचं नाही.

ठकी : मी हसत नव्हते. त्या शब्दाला तोंड तसंच होतं.

आई : काढून टाका तो शब्द. ‘तळ्याकाठी’ म्हटलं की पुरे.

बाबा : अगं, नुसतं तळं कसं? लोक डबक्यालाही तळं म्हणतात.

आई : डबकंच होतं ते.

बाबा : ठके, तू तिच्याकडे लक्ष देऊ नकोस. असं समज, जेवणं झाली आहेत. आत्यानं पेल्यावर चमचा वाजवला. धाकट्या काकांनी खोकून घेतलं. सगळे तुझ्याकडे बघताहेत. हं, ऊठ.

ठकी : चालत्या गाडीत? मांडीवर आत्याला द्यायची कुंडी आहे, बाबा. हिचं एक पान मोडलं तर आत्या वर्षभर येणाऱ्या-जाणाऱ्याला तेवढंच पान दाखवेल.

बाबा : मनातल्या मनात ऊठ.

ठकी : उठले. ‘आदरणीय थोरली आत्या, काका, काकू आणि जमलेले सर्व. यंदाचं आमच्या घराचं वर्ष अत्यंत भरगच्च गेलं.’

आई : ‘अत्यंत’ कापा. भरगच्चच्या पुढे काही मावत नाही.

बाबा : तुझी कात्री आवर गं. छापखाना सोडून जमाना झाला, तरी वाक्य दिसलं की ही निघाली कापायला.

आई : मिळतात कुठे कापायला? तुमचीच काय ती.

ठकी : पुढे जाऊ? ‘उन्हाळ्यात आम्ही एका निसर्गरम्य तळ्याकाठी मुक्काम केला. निघालो होतो दुसऱ्याच तळ्याला, पण वाटेत बाबांना अंदाज आला.’

बाबा : हे कुठून आलं? हे मी लिहून दिलेलं नाही.

ठकी : आतून आलं.

बाबा : पोचलो तिथे पाणी होतं की नव्हतं?

ठकी : होतं. आणि पाटी होती, ‘सांडपाणी. उतरू नये.’

आई : तेसुद्धा चुकीचं लिहिलेलं होतं.

बाबा : तुम्हाला वाईट तेवढं बरोबर आठवतं. त्या लॉजवाल्यानं आपल्याला किती मान दिला, ते सांगा की.

ठकी : मान कसला! तुम्ही पहिल्याच सकाळी त्याचा वजनकाटा तपासलात. बिचारा गिऱ्हाईक आलं म्हणून खूश झाला होता, त्याला कळलं सरकार आलंय. मग चार दिवस आपल्याला बघितलं की तो खुर्चीतून उठायचा.

बाबा : काट्यात खोट होती.

ठकी : बाबा, तुम्ही सुट्टीवर होता.

बाबा : वजनमापं सुट्टीवर जात नाहीत.

आई : तुमच्या घरात शिरताना जातात. दिवसभर लोकांची मापं तपासायची, बोटभर कमी भरलं तर त्याला घाम फोडायचा, आणि घरी आलं की सगळं अंदाजे. दिव्याखाली अंधार.

बाबा : ऑफिसातलं माप सरकारचं असतं. घरी माणसानं थोडं मोकळं असावं. ठके, पुढचं. सोहळे.

ठकी : मला आधी एक सांगा. लोकांच्या घरी मुलगी अठरा वर्षांची झाली की तिला घड्याळ देतात, फोन देतात. मला हे भाषण का?

बाबा : आपल्यात वर्ष देतात. माझ्या आजोबांनी घालून दिलेली पद्धत आहे ही. सगळ्यांनी जमायचं, जेवायचं, मग एकेका घरानं उठून आपलं वर्ष सांगायचं. काय केलं आणि पुढे काय करणार. घरात कोणी नवं मोठं झालं असलं, तर बोलायचा मान त्याचा. आणि एकदा तिथे चारचौघांत बोललं की—

ठकी : काळ्या दगडावरची रेघ. ठाऊक आहे. धाकटे काका मागच्या वेळी भरल्या पोटी बोलून गेले, ‘मी यापुढे सायकलनं कामावर जाणार.’ तीनदा पडलेत. एकदा तर भाजीच्या गाडीवर.

बाबा : पण जातात की नाही? तोंडातून निघालं ते निघालं. याला म्हणतात घराणं!

आई : याला म्हणतात हट्ट. घराणं गाण्याचं असतं.

बाबा : सोहळे, ठके.

ठकी : ‘बाबांच्या बढतीनिमित्त आमच्या घरी मोठं स्नेहसंमेलन झालं. त्याच दिवशी पहाटे बाबांनी न्हाणीघरात नवी फरशी बसवायला घेतल्यामुळे आलेल्या सर्व पाहुण्यांना शेजारी जावं लागलं. शेजाऱ्यांशी आमचे संबंध अधिक दृढ झाले.’

बाबा : ‘दृढ झाले’ एवढंच होतं त्यात! बाकीचं तू घुसडलंस.

ठकी : नुसतं ‘शेजाऱ्यांशी संबंध दृढ झाले’ म्हटलं तर लोक विचारतील ना, कसे? रांग जिन्यापर्यंत गेली होती. शेजारच्या आजींनी रांगेत खुर्च्या मांडल्या. तुमचे साहेब त्यांच्या नातवाबरोबर पत्ते खेळत बसले होते नंबर येईपर्यंत.

आई : साहेब आपल्या घरात दहा मिनिटं होते आणि तिकडे दीड तास. बढती शेजाऱ्यांची होती की काय, असं वाटत होतं.

बाबा : हसा. हसा. फरशी बसवली ती बघा. आज ती फरशी कशी आहे?

आई : उतार दाराकडे आहे. आंघोळ करून माणूस बाहेर येतो, त्याच्या आधी पाणी येतं.

बाबा : पुढचं वाक्य!

ठकी : ‘घरातल्या सुधारणा अव्याहत चालू आहेत.’ हे मात्र खरं आहे. अव्याहत. ‘माझ्या खोलीला बाबांनी नवी खिडकी पाडली. त्यामुळे खोलीत उजेड येतो आणि अभ्यासाला वातावरण मिळतं.’ बाबा, हे मी नाही म्हणणार.

बाबा : का? उजेड येत नाही?

ठकी : येतो. छतावर. तिथल्या कोळ्याला चांगलं वातावरण मिळालंय, त्याचा अभ्यास जोरात आहे.

बाबा : वायुवीजन म्हणून एक गोष्ट असते.

ठकी : तुरुंग म्हणूनही असते. माझी मैत्रीण परवा आली, खोलीत शिरली, वर बघितलं आणि विचारलं, ‘काय गं, कसला गुन्हा?’ 

आई : अहो, खूण करताना तुम्ही कशावर उभे होता?

बाबा : जमिनीवर. कशावर म्हणजे?

आई : जुन्या जमिनीवर. ती खोली हॉलपेक्षा दोन पायऱ्या उंच होती. आधी छातीइतकी खूण केलीत, खिडकी पाडलीत, आणि मग ‘सगळं घर एका पातळीत आणू’ म्हणून जमीन खणून खाली घेतलीत. जमीन गेली खाली. खिडकी बिचारी राहिली जागच्या जागी. तिला कोणी सांगितलंच नाही.

बाबा : क्रम थोडा चुकला. होतं माणसाकडून.

ठकी : खुर्चीवर चढून पाहिलं मी. काय दिसतं ठाऊक आहे, आई? कॉलेजचं फाटक. मागच्या गल्लीतलं. बरोबर चौकटीत बसवल्यासारखं.

आई : योगायोग असेल.

बाबा : योगायोगच आहे.

ठकी : या घरात तुम्ही अचूक मापानं केलेली तेवढी एकच गोष्ट आहे, बाबा.

बाबा : शेवटचं वाक्य घे. शिक्षणाचं. ते नीट झालं की मी गप्प बसतो.

ठकी : ते मी पाठ केलेलं नाही.

बाबा : दोन ओळी तर आहेत! ‘पुढच्या महिन्यापासून मी आमच्या घरामागच्या कॉलेजात वाणिज्य शाखेला जाणार आहे. घरी राहून शिकता येईल, याचा आम्हा सर्वांना आनंद आहे.’ झालं. त्यात न येण्यासारखं काय आहे?

ठकी : बाकी सगळं येतं. हे वाक्यच तोंडात येत नाही.

बाबा : अगं, तू तरी सांग हिला.

आई : ‘आम्हा सर्वांना’ कशाला? जो आनंद झालाय त्याचं नाव घाला.

बाबा : तू पण?

ठकी : बाबा, मला नकाशाशास्त्राला प्रवेश मिळालाय. परीक्षा देऊन. उद्या संध्याकाळच्या आत ‘येते’ म्हणून कळवलं नाही, तर ती जागा दुसऱ्याला जाईल. आणि आज मी आत्याच्या घरी तुमचं ते वाक्य बोलले, तर उद्या कळवायला तोंड राहणार नाही. हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे, म्हणूनच सकाळपासून घोकून घेताय.

बाबा : मी कुठे नाही म्हणतोय? विचार करू.

ठकी : चार महिने ‘विचार करू’ चाललंय. तुमच्या घरात विचार आणि फरशी, दोन्ही कधी वाळत नाहीत.

बाबा : अगं, नकाशे आता कोणाला लागतात? सगळं फोनमध्ये असतं.

ठकी : फोनमध्ये आपोआप उगवतं का ते? आणि तुमचा फोन कुठे आहे? सामानाच्या कप्प्यात, पिशवीत गुंडाळून.

बाबा : ती बाई सारखी मला हुकूम सोडते. उजवीकडे वळा, मागे फिरा. मागे फिरा म्हणजे काय! घरी दोन आहेत, तेवढ्या पुरे.

आई : तिचं आम्हाला कौतुक वाटतं. ती कधी वैतागत नाही.

बाबा : आणि लांब किती, ते बघा. एक रात्र आणि वर अर्धा दिवस. आजारी पडली तर? घराची किल्ली विसरली तर?

ठकी : तिथल्या घराची किल्ली मी इथे कशी विसरेन, बाबा?

बाबा : हे बघ, हाताशी कॉलेज आहे. दुपारी जेवायला घरी. मी खिडकीत उभा राहिलो असतो, तर तू फाटकातून निघताना दिसली असतीस. मी चहा टाकला असता, तू येईपर्यंत तयार.

आई : तुम्ही? चहा?

बाबा : शिकलो असतो.

आई : थांबा, वन्संचा फोन आहे. —हं, वन्सं! हो, निघालो, कधीच निघालो. कुठे म्हणजे… अहो, कुठे आलोत आपण? —हे म्हणतात, पुलाशी. हो, मोठ्या पुलाशी. नाही, चुकलो कुठे, गर्दी आहे जरा. हो, ठकीच बोलणार. पाठ? म्हणजे काय, तोंडपाठ. हो, सरळ उभी राहील. आमच्यासाठी थांबू नका… असं कसं, थांबाच मग. ठेवते.

ठकी : कुठला पूल?

आई : मला काय माहीत? तुझ्या बाबांनी मान हलवली, मी पूल केला. दर वेळी चालतो.

ठकी : बाबा, पुढे दोन रस्ते फुटतात. उजवा घ्या. मी काढून आणलाय कागदावर, हे बघा. डावा त्या नळ्यांच्या कारखान्याकडे जातो.

बाबा : अगं, माझ्या बहिणीचं घर आहे. लहानपणापासून जातोय. डोळे मिटून जाईन.

आई : उघडे ठेवून गेलात तर जास्त बरं.

ठकी : बाबा, उजवा!

बाबा : डावीकडून एक जवळचा रस्ता आहे. तुमच्या कागदात तो नसेल.

ठकी : नाहीच आहे. म्हणून तर कागदात नाही.

बाबा : वळलो. आता काय बोलायचं ते बोला.

ठकी : आई, तू का गप्प आहेस?

आई : मी गप्प कुठे आहे? सकाळपासून कापतेय.

ठकी : शब्द कापतेयस. वाक्य ठेवतेयस.

आई : कुंडी नीट धर.

ठकी : तू पण बोलली होतीस ना कधीतरी तिथे उठून? सुनेलाही मान असतो म्हणे.

बाबा : बोलली होती म्हणजे! काय बोलली होती! लग्नानंतरचं पहिलंच वर्ष. नव्या सुनेनं बोलायचं. ही घाबरली होती, तर मीच वाक्यं करून दिली. स्कूटर होती तेव्हा. ही मागे बसून पाठ करत होती, मी पुढून सांगत होतो. याच रस्त्याला.

आई : तेव्हाही रस्ता चुकला होतात.

ठकी : काय होतं वाक्य?

बाबा : साधंच होतं. ‘छापखान्यातली नोकरी सोडून मी आता पूर्ण वेळ घराकडे लक्ष देणार आहे.’ इतक्या टाळ्या त्या घरात आजवर कोणाला पडल्या नसतील.

ठकी : तुला सोडायची होती, आई?

आई : मी प्रुफं तपासणारी बाई. मला वाक्यातली चूक शोधायची सवय. त्या वाक्यात एकही चूक नव्हती. काना नाही, मात्रा नाही, सगळं जिथल्या तिथे. मग बोलून टाकलं.

बाबा : बघ. आणि संसार कसा झाला? काही कमी पडलं?

आई : टाळ्या छान होत्या.

ठकी : बाबा, थांबा! थांबा, समोर भिंत आहे!

बाबा : दिसतेय मला. फाटक असणार तिथे.

ठकी : भिंत आहे. आणि दोन्ही बाजूंना सिमेंटच्या नळ्या. माणूस उभा मावेल एवढ्या. आपण कारखान्याच्या आवारात आहोत.

बाबा : हा रस्ता पूर्वी पुढे जायचा.

आई : नळ्या किती जुन्या आहेत ते बघा. शेवाळ आलंय त्यांच्यावर.

बाबा : आता इथे वळायचं कसं?

ठकी : वळता येणारच नाही. सरळ मागे मागे जायला हवं, फाट्यापर्यंत. तू कुंडी धर, आई. मी उतरते, मागून सांगते. बाबा, आणि मी सांगेन तेवढंच. अंदाज नाही.

(ठकी गाडीतून उतरून मागे जाऊन उभी राहते. काचा खाली केलेल्या आहेत.)

ठकी : येऊ द्या… येऊ द्या… सरळ. चाक हलवू नका!

बाबा : हलवलं नाही, तेच हललं. काय गं, तू आज अशी काय बोलतेस? पोरीसमोर?

आई : छापखान्याच्या मालकांचा फोन आला होता.

बाबा : कुठल्या? तो अजून आहे?

ठकी : डावीकडे थोडं… थोडं म्हणजे थोडं, बाबा!

आई : त्यांचा मुलगा बघतो आता. वैद्यकीची जाडजूड पुस्तकं घेतलीत छापायला. नीट वाचणारं माणूस मिळत नाही म्हणाले. घरी बसून वाचलंत तरी चालेल, म्हणाले, गठ्ठे पोचवू.

बाबा : मग? काय सांगितलंस?

आई : ‘विचारून सांगते’ म्हटलं. उन्हाळ्यात. तुमच्या तळ्याच्या आधी.

बाबा : विचारलं नाहीस.

आई : विचारलं की तुम्ही ‘विचार करू’ म्हणाला असता. एका घरात दोन दोन विचार चालले असते.

ठकी : थांबा! नळीला लागेल. आता पुढे. अर्धा हात पुढे.

बाबा : अर्धा हात म्हणजे किती?

ठकी : कोणाला विचारताय, वजनमापंवाले तुम्ही!

आई : आज मी उठणार आहे.

बाबा : कुठे?

आई : वन्संच्या हॉलमध्ये. चमचा वाजला की.

बाबा : अगं, यंदा बोलायची पाळी ठकीची आहे.

आई : तिचं ती बोलेल, तिला जे बोलायचं ते. मी तिला तुमचं वाक्य देणार नाही आणि माझंही देणार नाही. मग मी उठेन. अठरा वर्षांचं व्हावं लागतं ना? झालेय मी. थोडी जास्तच झालेय.

बाबा : आणि काय बोलणार?

आई : पुढच्या सोमवारपासून छापखान्याची प्रुफं वाचणार आहे, एवढंच. लहान वाक्य आहे. कापायला काही नाही.

बाबा : तिथे बोललीस तर मग ते… मला नाहीसुद्धा म्हणता येणार नाही.

आई : तुमच्याच आजोबांची पद्धत.

बाबा : ठीक आहे. म्हणजे हे ठरवूनच निघालीस.

आई : नाही. निघाले तेव्हा तिच्याकडून तुमचं वाक्य घोकून घ्यायला मदत करत होते. ऐकलंत तुम्ही. ‘अत्यंत’ कापा, ‘निसर्गरम्य’ काढा. पोरीच्या गळ्यात घालायचा दोर, मी त्याला गाठी नकोत म्हणून मऊ करत होते.

ठकी : येऊ द्या… सरळ येऊ द्या… छान! बाबा, छान येताय. असंच. 

बाबा : हे मला आधी, घरी का नाही सांगितलंस?

आई : आधीच सांगतेय. मला त्या वेळी स्कूटरवर नुसतं वाक्य मिळालं होतं. तुम्हाला निदान बातमी मिळतेय.

ठकी : बस! थांबा. आला फाटा. मी बसते.

आई : ये. ही घे तुझी कुंडी.

ठकी : काय झालं? तुम्ही दोघं असे का बसला आहात? पान मोडलं का?

आई : पान शाबूत आहे.

बाबा : आता कुठे?

ठकी : म्हणजे?

बाबा : म्हणजे कुठे वळू? कागद तुझ्याकडे आहे ना?

ठकी : उजवीकडे. मग पाण्याची टाकी येईल, तिच्या पुढून परत उजवीकडे. बाबा, तुम्हाला बरं वाटतंय ना?

बाबा : मला काय धाड भरलीय? टाकी, मग उजवीकडे. बरं. आणि मग?

ठकी : मग सरळ. तिसऱ्या गल्लीत आत्याचं घर. निळं फाटक.

बाबा : निळं? हिरवं होतं.

आई : चार वर्षं झाली निळं होऊन. तुम्ही दर वेळी हिरवं शोधत पुढे जाता.

ठकी : आई, काय झालंय, सांग ना.

आई : मी नोकरी धरतेय. प्रुफं वाचायची, घरी बसून. आत्यासमोर सांगणार आहे. आणि तुला जे सांगायचंय ते तू सांग. नकाशे म्हण, वाणिज्य म्हण, काहीही म्हण. पण घोकलेलं नको.

ठकी : आणि बाबा?

बाबा : बाबा गाडी चालवतायत.

ठकी : मी तिथे उठून बोलले, आणि सगळ्यांसमोर तुमचं तोंड पडलं तर? मला ते नाही बघवणार. टोमणे मारेन मी तुम्हाला जन्मभर, पण सगळ्यांसमोर नाही.

बाबा : माझं तोंड इतकं काही नाजूक नाही. साहेब शेजाऱ्यांकडे रांगेत बसले होते, तेव्हा पडायचं तेवढं पडून झालंय.

आई : हे छान बोललात.

बाबा : ही टाकी का?

ठकी : हीच. उजवीकडे.

बाबा : तिथे त्या गावात… कॉलेजच्या जवळ राहायला काही आहे का?

ठकी : वसतिगृह आहे. फाटकाच्या आतच.

बाबा : खोलीला खिडकी?

ठकी : माहीत नाही. असेल. माणसाच्या उंचीवर असेल, एवढी आशा आहे.

बाबा : मार. मार अजून. आज तुझाच दिवस आहे. मग तुम्ही दोघी उठणार, दोघी बोलणार. आणि मी काय करू? बसून टाळ्या वाजवू?

आई : तुम्हीही उठा.

बाबा : आणि काय सांगू? तळं?

आई : खिडकीचं सांगा. खाली घेणार म्हणून.

ठकी : आणि या वेळी टेप लावून. बाबा, सगळ्यांसमोर म्हणा, ‘टेप लावून.’ म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

बाबा : निळं फाटक. ते बघ, तुझी आत्या बाहेर येऊनच उभी आहे.

आई : गाडी जरा पुढे घ्या, दार उघडायला जागा ठेवा.

बाबा : पण मी काय म्हणतो… ही जाणार. खोली रिकामी. मग खिडकी खाली घ्यायची कोणासाठी?

आई : मी टेबल लावणार आहे तिथे. प्रुफं वाचायला उजेड लागतो.